वहिवाट

रजेच्या अर्जावर आजाराचं नाव लिहायला एक ओळ असते. चौदा महिन्यांत त्या ओळीवर मी तीनदा ‘मूळव्याध’ लिहिलं आणि तिन्ही वेळा चुकीचं लिहिलं. मला मूळव्याध कधी झालीच नव्हती. पण आमच्याकडे कमरेच्या खाली, मागच्या बाजूला काहीही झालं की ती मूळव्याधच. रक्त पडलं, आग झाली, गाठ आली, पू आला, सगळ्याला एकच नाव. ते नाव घेतलं की समोरचा मान खाली घालून ‘हं’ म्हणतो आणि पुढचं विचारत नाही. मलाही तेच हवं होतं.

मी भूकरमापक आहे, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी माणूस. जत, कवठेमहांकाळ या बाजूला बरीच वर्षं काढली. दिवसातून साठ-सत्तर किलोमीटर मोटरसायकल, मग उन्हात बांधावरून चालणं, मग पुन्हा मोटरसायकल. त्यामुळे ऑगस्टमध्ये उजव्या ढुंगणावर, अगदी आतल्या बाजूला, गळू आलं तेव्हा मी दोष गाडीच्या सीटला दिला. चार दिवसांत ते लिंबाएवढं झालं. ताप आला. मोजणीला गेलो तर गाडीवर एका मांडीवर बसून गेलो. अर्जदार म्हणाला, “साहेब, गाडी वाकडी चालतीय.” म्हटलं, हवा कमी आहे.

पाचव्या रात्री ते आपोआप फुटलं आणि इतकं बरं वाटलं की मी सकाळी बायकोला शिरा करायला सांगितला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दहा दिवसांत जखम भरली. गोष्ट संपली असं मी धरून चाललो.

नोव्हेंबरात त्याच जागी पुन्हा फुगवटा आला, पुन्हा फुटला. मग ते चक्रच लागलं. तीन आठवडे कोरडं, मग दोन दिवस ठणका, मग ओलं. चड्डीला डाग पडायचे. खाकी पँट बंद केली, काळी घालायला लागलो. आणि एक गोष्ट मी केली जी करताना फार लाज वाटली आणि आता वाटत नाही: बायकोच्या कपाटातलं सॅनिटरी पॅड घेऊन वापरायला लागलो. रुमालाच्या घडीपेक्षा ते शंभर पटीनं बरं. ती एकही शब्द बोलली नाही. पुढच्या महिन्यात एकाऐवजी दोन पाकिटं आली एवढंच. मी स्वतः मेडिकलमध्ये मागायला गेलो तेव्हा पोरानं कागदात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, मान वळवून दिलं. आयुष्यभर बायका हे कसं घेत असतील, हे तेव्हा कळलं.

मधल्या काळात काय काय केलं त्याची यादी करत नाही. एसटी स्टँडच्या मागच्या भिंतींवर ‘मूळव्याध, फिशर, भगंदर, बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात’ असं रंगवलेलं असतं, तसल्या एका ठिकाणी मीही गेलो. त्यानं तपासलंसुद्धा नाही नीट. कसलं तरी जळजळीत औषध जखमेच्या तोंडावर लावलं आणि साडेचार हजार घेतले. तोंड बंद झालं, खरंच झालं. आठ दिवसांनी शेजारी दुसरं फुटलं. त्या माणसावर माझा राग आहे, पण भिंतीवरचे तीन शब्द मीही वाचले होते. तिसरा शब्द माझा आहे हे मलाच कळलं नव्हतं.

योग्य शब्दाच्या जवळ पहिल्यांदा नेलं ते एका सोनोग्राफीनं. रिपोर्टवर लिहिलं होतं, सायनस ट्रॅक्ट. मला सर्दीचं सायनस जुनं आहे, कपाळ दुखतं, वाफ घेतो. ते खाली कसं आलं? आई म्हणाली, “थंड पाण्यानं आंघोळ करतोस त्याचंच हे.” शेवटी मेव्हण्याच्या आग्रहानं मिरजेला एका सर्जनकडे गेलो. साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, हातमोजा घातला आणि म्हणाले, “कुशीवर व्हा, गुडघे पोटाशी घ्या.”

या तपासणीला मी वर्षभर घाबरत होतो. ती दोन मिनिटं चालली. बोटानं चाचपताना ते नर्सला सांगत होते, “आठ वाजता बाहेरचं तोंड, कडेपासून चार सेंटिमीटर. जुनं एक साडेआठला, भरलेलं. दोरीसारखं लागतंय, सहाकडे वळतंय.” मला वाटलं पुढच्या पेशंटच्या वेळा ठरवतायत. नंतर समजावलं. माणूस उताणा झोपवून पाय वर बांधले की गुदद्वार घड्याळाची तबकडी धरायची. पुढची बाजू बारा, माकडहाडाकडची सहा. तिथून पुढे प्रत्येक गोष्ट तासांत सांगायची. मला हे लगेच पटलं. आम्हीही एक खूण पक्की धरतो आणि बाकी सगळं तिच्यापासून मोजतो.

“सायनस म्हणजे नाकातलंच ना?” मी विचारलं.

ते हसले. म्हणाले, सायनस हा जुना लॅटिन शब्द, अर्थ खोलगट जागा, वळण. कवटीतल्या पोकळ्यांनाही तोच शब्द आणि एका बाजूनं उघडी, दुसऱ्या बाजूनं बंद अशी जखमेची नळी असेल तर तिलाही तोच. फिस्टुला म्हणजे लॅटिनमध्ये नळी, पावा. त्याला दोन तोंडं. एक बाहेर कातडीवर, एक आत कुठल्या तरी पोकळीत. “सोनोग्राफीत आतलं तोंड दिसलं नाही म्हणून त्यांनी सायनस लिहिलं. तुमच्यात ते आहे. तुम्हाला भगंदर आहे.”

बंद बोळ आणि पाणंद, एवढाच फरक. बोळात शिरलेला माणूस परत त्याच तोंडानं बाहेर येतो. पाणंद दोन्हीकडून वाहती असते. आणि पाणंद वाहती का राहते हे मला कुणी शिकवायला नको होतं. वर्षानुवर्षं माणसं, बैल, गाड्या एका पट्ट्यातून गेल्या की तिथे वहिवाट पडते. नंतर मालकानं नांगरून टाकली, काटे टाकले, तरी पावसाळा संपला की पुन्हा तिथंच पाऊलवाट उमटते. डॉक्टरांनी जे सांगितलं ते नेमकं हेच होतं. गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा. त्याच्या आत मध्यावर एक कंगोरेदार रेघ असते, त्या रेघेवर बारीक ग्रंथींची तोंडं उघडतात. एखादी ग्रंथी तुंबली की आत पू होतो. पू वाट शोधतो, स्नायूंच्या मधून किंवा आरपार जाऊन कातडीशी येतो आणि गळू होऊन फुटतो. बऱ्याच जणांचं तिथं संपतं. बाकीच्यांची नळी राहते. आतल्या तोंडातून घाण येत राहते, म्हणून बाहेरचं तोंड कितीही भरलं तरी टिकत नाही. “गोळ्यांनी पू कमी होईल. वाट जाणार नाही,” ते म्हणाले.

मी गाडीचा विषय काढला. त्यांनी सांगितलं की गाडीवर बसून होतो तो वेगळा आजार, माकडहाडावरच्या खाचेत, केस आत शिरून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेत हजारो शिपायांना झाला, खडबडीत जीप चालवून होतो अशा समजुतीनं त्याला ‘जीपचा आजार’ नाव पडलं. तो सायनस. माझा नव्हे. म्हणजे चौदा महिने मी सीटला उगाच शिव्या दिल्या.

एमआरआय झाला. नकाशे वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या हातात घेऊन बसावंसं वाटलं. डॉक्टरांनी पेननं दाखवलं. पांढरी रेघ आठ वाजता सुरू होते, बाहेरच्या स्नायूच्या कड्यातून आरपार जाते आणि वळून सहा वाजता आत उघडते. वाटेत एक छोटा फुगा, म्हणजे पुवाची पिशवी, जिचा मला पत्ताच नव्हता. हे वळण त्यांनी बोटानंच ओळखलं होतं. गुडसॉल नावाच्या लंडनच्या सर्जननं १९०० साली नियम सांगून ठेवलाय: बाहेरचं तोंड मागच्या अर्ध्यात असेल तर नळी बहुधा वळसा घेऊन मागच्या मध्यरेषेवर उघडते, पुढच्या अर्ध्यात असेल तर सरळ जाते. मी म्हटलं, सगळ्यांच्या बाबतीत खरं ठरतं का? “नाही,” ते म्हणाले, “म्हणून एमआरआय.”

नळी स्नायूंना कुठे छेदते यावरून भगंदराचे चार प्रकार करतात. पार्क्स नावाच्या सर्जनची ही वर्गवारी १९७६ची. गुदमार्गाभोवतीच्या स्नायूंच्या दोन कड्यांच्या मधून जाणारा, बाहेरच्या कड्यातून आरपार जाणारा, कड्यांच्या वरून वळसा घेणारा आणि सगळ्याच्या बाहेरून जाणारा. माझा दुसरा. हे नावं ठेवण्याचं काम रिकामटेकडं वाटू शकतं, पण सगळा निर्णय त्यावर आहे. आतलं कडं आपल्या हुकमात नसतं, बाहेरचं असतं. शौच रोखून धरतो ती ही दोन कडी. नळी जर थोड्याच स्नायूतून गेली असेल तर सरळ चिरून उघडी करतात, तळापासून भरू देतात, काम झालं. जास्त स्नायू चिरला तर नळी जाईल पण ताबाही जाईल. मला ती ओळ ऐकून घाम फुटला. मोजणी चालू असताना, चार भावकीतली माणसं समोर उभी असताना... पुढचा विचार केला नाही.

मग पहिलं ऑपरेशन. कमरेत इंजेक्शन दिलं, पाय जड झाले आणि मग नाहीसेच झाले. पडद्यापलीकडे काय चाललंय ते डॉक्टर मला सांगत होते, बहुतेक मी बडबड करत होतो म्हणून. बाहेरच्या तोंडातून पिचकारीनं औषध सोडलं, आत कुठे फेस येतो ते पाहिलं. सहा वाजताच आला. पुवाची पिशवी रिकामी केली. नळीतून एक सैल दोरा ओवून बाहेर त्याची गाठ मारली. त्याला सीटन म्हणतात. त्याचं काम काही कापायचं नसतं. वाट उघडी ठेवायची, पू तुंबू द्यायचा नाही, सूज उतरू द्यायची. नळीचा तुकडा तपासायला पाठवला, कारण आपल्याकडे क्षयामुळेही भगंदर होतो आणि आतड्याच्या एका जुनाट दाहामुळेही. आठ दिवस त्या रिपोर्टची वाट पाहिली. दोन्ही नव्हते.

वॉर्डातली एक गंमत सांगायलाच हवी. शेजारच्या खाटेवर पलूसकडचे एक काका होते, जाड काचांचा चष्मा, हातात जपमाळ. रात्री मी कण्हत होतो तर म्हणाले, “काय झालंय?”

“फिस्टुला.”

“मलाबी हाय की!” ते खूश झाले. “मस्त चालतोय माझा. तीन वर्सं झाली.”

मी गार. तीन वर्षं? आणि मस्त? त्यांनी डावी बाही वर केली. मनगटाच्या वर एक फुगीर, वळणदार शीर. “हात लावून बघा. घरघर करतोय बघा, मांजरागत.” खरंच बोटाखाली सतत थरथर होती. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाच्या हातातली रोहिणी आणि नीला मुद्दाम जोडतात. रोहिणीच्या दाबानं नीला मोठी, जाड होते आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसच्या सुया तिथे टोचता येतात. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही युक्ती जगापुढे मांडली. त्यालाही फिस्टुलाच म्हणतात, कारण दोन पोकळ्या जिथे मिळायला नकोत तिथे मिळाल्या. काकांचा केलेला, माझा झालेला. त्यांची घरघर थांबली तर घरात रडारड, माझं गळणं थांबलं तर पेढे. सकाळी नर्सनं विचारलं, “फिस्टुला कोण?” आणि आम्ही दोघांनी हात वर केले.

त्या रात्री झोप आली नाही आणि लहानपणीची एक म्हातारी आठवली. आमच्या गल्लीच्या टोकाला, भावाच्या घराच्या पडवीत राहायची. तिला घरात घेत नसत. तिच्या अंगाला कायम लघवीचा वास. आम्ही पोरं नाक धरून पळायचो. आजी सांगायची, तिचं पहिलं बाळंतपण तीन दिवस अडलं, मूल मेलेलं आलं आणि तेव्हापासून ती ‘नासली’. नवऱ्यानं आणून सोडलं. शाप आहे म्हणायचे लोक. दिवस-दिवस अडलेल्या बाळाच्या डोक्याचा दाब मूत्राशय आणि योनीमार्ग यांच्यामधल्या पडद्यावर पडला की तिथलं रक्त थांबतं, तो भाग मरतो, काही दिवसांनी गळून पडतो आणि तिथे भोक राहतं. लघवी थेंबथेंब गळत राहते, जन्मभर. तेही फिस्टुलाच. ऑपरेशननं बहुतेकदा बुजवता येतो. इथिओपियात आदिस अबाबाला १९७४ पासून फक्त याच बायकांसाठी एक इस्पितळ आहे, हे मी त्या खाटेवर मोबाईलमध्ये वाचलं. आमच्या म्हातारीला कुणी कधी डॉक्टरकडे नेल्याचं मला आठवत नाही. तिच्या आजाराला नावच नव्हतं. मी नाक धरून पळायचो, हे मी बायकोला त्या रात्री फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, झोपा आता.

पाच आठवड्यांनी पुढचा निर्णय. डॉक्टरांनी सरळ मांडलं. एकदम चिरायचं नाही, तुमच्यात स्नायू जास्त येतो. दुसरी वाट, दोन कड्यांच्या मधल्या फटीत शिरून नळी तिथेच बांधून कापायची. थायलंडच्या एका सर्जननं २००७ मध्ये काढलेली पद्धत. स्नायू वाचतो, पण काहींना परत उद्भवतो. तिसरी वाट क्षारसूत्र, म्हणजे नळीत ओवायचा आयुर्वेदिक औषधाचा दोरा. “ते मी करत नाही. आयुर्वेद महाविद्यालयातले शल्यतंत्राचे वैद्य आहेत, त्यांच्याकडे पाठवतो. वेळ लागतो, दर आठवड्याला जावं लागतं, आग होते.” मग त्यांनी एक जुना अभ्यास सांगितला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं अनेक केंद्रांवर क्षारसूत्र आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली होती, १९९१ला प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेनं जखम साधारण ४ आठवड्यांत भरली, सूत्रानं ८. पण परत उद्भवण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेत ११ टक्के, सूत्रात ४. एका ॲलोपॅथीवाल्यानं हे स्वतःहून सांगावं याचं मला कौतुक वाटलं.

वैद्यांनी तर सुरुवातच सुश्रुतापासून केली. आठ महारोगांत भगंदर मोजलाय. फुटण्याआधी ती नुसती पिडका, म्हणजे पुळी; फुटली की भगंदर. प्रकार पाच, आणि नावं अशी की एकदा ऐकली की विसरणार नाही: चाळणीसारखी अनेक तोंडं असलेला शतपोनक, उंटाच्या मानेसारखा उष्ट्रग्रीव, सतत झरणारा परिस्रावी, शंखाच्या वेटोळ्यासारखा फिरणारा शंबूकावर्त आणि हाडाचा तुकडा गिळल्यानं आतून टोचून झालेला उन्मार्गी. पार्क्सची चार नावं मला रिपोर्ट बघितल्याशिवाय आजही सांगता येत नाहीत. अर्थात नाव सुंदर असलं म्हणून नकाशा अचूक होतो असं नाही. वैद्यांनीही आधी एमआरआयच मागितला.

नळीसारख्या जखमेला जुना शब्द नाडीव्रण. कृश, दुर्बळ आणि भित्र्या माणसाचा नाडीव्रण शस्त्रानं न कापता क्षारसूत्रानं कापावा असं सुश्रुतात आहे. वैद्य म्हणाले, “तुम्ही यातले कुठले?” मी म्हटलं, भित्रा लिहा.

सूत्र म्हणजे जाड लिनन धाग्यावर एकवीस लेप. पहिले अकरा नुसत्या थोराच्या चिकाचे, पुढचे सात चीक आणि आघाड्याचा क्षार, शेवटचे तीन चीक आणि हळद. एक लेप वाळल्यावर दुसरा. थोर! बांधावर कुंपण म्हणून लावतात तो. किती वेळा हद्दीची खूण शोधताना मी तो छाटायला लावलाय, चीक डोळ्यात जाईल म्हणून मजुराला ओरडलोय. आघाडाही बांधावरचाच, श्रावणात पत्रीला लागतो तेवढाच माहीत. हे ज्ञान पोथीत होतं पण वापरातून जवळजवळ गेलेलं. १९६०च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी ते पुन्हा रुग्णांवर आणलं आणि पद्धतशीर अभ्यासलं. आडनाव ऐकून उगाच बरं वाटलं.

पहिलं सूत्र जुन्या सीटनच्या जागी आलं. नवा धागा जुन्याला बांधायचा, जुना कापून ओढायचा, त्याच्या मागोमाग नवा आत जातो. विहिरीत नवा दोर उतरवताना जुन्याला गाठतात तसं. दहा सेकंदांचं काम. त्या दहा सेकंदांबद्दल मी काही लिहीत नाही. नंतरची आग दोन दिवस. घरी कोमट पाण्याचं टब, त्यात दिवसातून चार वेळा पंधरा मिनिटं बसायचं. रात्री इसबगोल. तिखट बंद. बायकोनं सांगलीच्या बाजारातून आणलेलं निळं प्लॅस्टिकचं टब अजून न्हाणीत आहे, आता मुलगी त्यात तिच्या बाहुल्या धुते.

आता माझ्या आवडीचा भाग. दर आठवड्याला सूत्र बदललं की निघालेल्या धाग्याचा नळीतला भाग पट्टीवर धरून मोजतात. सूत्र दोन कामं करतं: नळीची आतली जुनी भिंत क्षारानं जाळतं आणि बाहेरच्या गाठीच्या ताणानं हळूहळू कापत येतं. पुढे कापत जातं तसं मागे भरत येतं, म्हणून स्नायू एकदम तुटून उघडा पडत नाही. नळी जितकी कापली गेली तितका धागा आखूड. मी पहिल्याच दिवशी विचारलं, “किती भरलं?” सहाय्यक म्हणाली, साडेसहा. मी खिशातल्या वहीत लिहिलं. वैद्य बघत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही मोजणीवाले ना.”

वही अजून आहे. ६.५, ६.१, ५.२, ४.६. चौथ्या आठवड्याला वेग कमी वाटला म्हणून मी काळजीत. वैद्य म्हणाले, तिथे स्नायू आहे, जमीन कठीण लागलीय. मग ३.५, २.६. आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर हा त्यांचाही अंदाज होता. आमच्या खात्यात इतका नियमित निकाल कुठल्याच प्रकरणात लागत नाही.

दहा-बारा दिवसांनी मी कामावर गेलो, सूत्रासकट. ते चालतं, हे या उपचाराचं मोठं सुख. गाडी सोडून एसटीनं जायचो, आणि जमेल तिथे उभा. एकदा तालुक्याच्या टोकाला पाणंदीच्या वादाची मोजणी होती. सगळे झाडाखाली बसले, मी उभाच. लगतधारक, म्हणजे शेजारच्या जमिनीचा मालक, म्हणाला, “साहेब, बसा की, का आमच्या सतरंजीवर बसायचं नाही?” गैरसमज वाढायला लागला. शेवटी मी सांगून टाकलं. भगंदर आहे, दोरा घातलाय. क्षणभर शांतता. मग त्या वादातल्या दोन्ही बाजूंनी मिळून मला चार उपाय सांगितले आणि तिसऱ्यानं, जो तोपर्यंत गप्प होता, मला कडेला घेऊन विचारलं, “सायेब, तिथं आठ म्हैन्यापासनं पाणी येतंय. मूळव्याधच आसंल न्हवं?”

मी त्याला मिरजेचा पत्ता लिहून दिला. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘भगंदर?’ लिहिलं, प्रश्नचिन्हासकट, म्हणजे तिथे पोचल्यावर तो दुसरंच काही सांगणार नाही.

रजेच्या अर्जाचं राहिलं. वैद्यकीय दाखल्यावर खरं नाव आलं तेव्हा आमच्या मुख्य लिपिकांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “हे काय असतं?” चौदा महिन्यांपूर्वी मी जमिनीत गेलो असतो. त्या दिवशी मी टेबलावरचं एक जुनं टिपण उलटं करून त्यावर घड्याळ काढलं, आठ आणि सहा जोडले, स्नायूची कडी काढली. तिघे जण वाकून बघत होते. वाचता वाचता मी लुई चौदाव्यापर्यंत पोचलो होतो तेही सांगितलं. फ्रान्सच्या या राजाला हाच आजार होता. नोव्हेंबर १६८६ मध्ये त्याच्या सर्जननं ऑपरेशन केलं, त्याआधी गरीब रुग्णांवर हात बसवून घेतला होता. राजा बरा झाला. त्या गरीब रुग्णांचं काय झालं यात मला जास्त रस होता, पण लिपिकांना राजातच.

१.७. ०.८. नवव्या रविवारी सकाळी टबात बसलो होतो आणि पाण्यावर काहीतरी पिवळट तरंगलं. धागा. गाठ तशीच्या तशी, नुसती सुटून आलेली. मी तो बोटात धरून दाराच्या फटीतून बायकोला हाक मारली. ती आली, बघितलं, म्हणाली, “एवढाच?” मग वैद्यांना फोटो पाठवायचा का यावर आमचं जरा बोलणं झालं. पाठवला. त्यांचं उत्तर आलं, ‘अभिनंदन. टब चालू ठेवा. जखम भरेपर्यंत दर आठवड्याला दाखवा.’

ती भरायला आणखी तीन आठवडे लागले. आता सात महिने झाले, कोरडं आहे. वर्षभर लक्ष ठेवा म्हणालेत. गाडी पुन्हा सुरू केली, खाकी पँटही.

शेवटच्या पाकिटातली पाच पॅड उरली होती. ती मी तिच्या कपाटात परत ठेवली. संध्याकाळी तिनं पाहिली आणि विचारलं, “हिशोबात धरू का?”